भट्टीत मडकं फुटतं ते हवेमुळे नाही, पाण्यामुळे

मुलांच्या कुठल्याही क्ले वर्कशॉपला जा, एक वाक्य हमखास ऐकू येतं की माती नीट मळा रे, आत हवा राहिली तर भट्टीत फुटेल. हे शिकवणारे पण मनापासून सांगतात आणि मुलं पण मग बिचारी बुडबुडे शोधत बसतात. पण खरं कारण वेगळंच आहे, आणि मुंबईत वर्कशॉप घेणाऱ्याला ते माहीत असायलाच हवं, कारण आपल्या हवेत ते जास्त नडतं.

साधा हिशोब बघा. खोलीतली हवा ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली तर ती फुगून साधारण चौपट होते, आणि सुकलेल्या मातीला इतकी बारीक छिद्रं असतात की ती हळूहळू बाहेर निघून जाते. पाण्याचं तसं नाही. १०० अंशाला पाण्याची वाफ झाली की ती जवळजवळ १७०० पट जागा मागते, आणि भांडं जाड असेल, भट्टी घाईत तापवली असेल, तर एवढी वाफ त्या छिद्रांतून वेळेत बाहेर पडूच शकत नाही, मग ती माती फोडूनच बाहेर येते. मुलांनी केलेला भरीव हत्ती फुटतो आणि पातळ पणती टिकते ती यामुळेच. बुडबुड्याच्या जागी माती कमकुवत होते, ओल अडकते, म्हणून मळणं गरजेचं आहेच, पण नीट मळलेला ओला हत्तीसुद्धा फुटणारच.

आता हे पाणी मातीत असतं कुठे? चिकणमातीचे कण म्हणजे २ मायक्रॉनपेक्षाही (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छोट्या चपट्या चकत्या असतात. दोन चकत्यांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो, त्यामुळे त्या ओल्या काचांसारख्या एकमेकींवर सरकतात पण सुट्या होत नाहीत, आणि म्हणूनच माती दाबली की वळते आणि सोडली की तशीच राहते. सुकायला लागली की हे थर निघून जातात, चकत्या जवळ येतात, आणि वस्तू आकसते, मातीच्या प्रकाराप्रमाणे ५ ते १० टक्के. हे आकसणं जवळजवळ सगळं सुरुवातीलाच होतं. एकदा चकत्या एकमेकींना टेकल्या की पुढे फक्त मधल्या छिद्रांतलं पाणी जातं, आकार फारसा बदलत नाही.

म्हणून पहिले एक-दोन दिवस जपायचे. सोसायटीच्या हॉलमध्ये कोणीतरी हौसेने पंखा फुल्ल करतं, आई-बाबा विचारतात, "ताई, आजच घरी नेता येईल ना?", आणि मग कपाचा कान आधी सुकतो, कप अजून ओलाच, कान आकसतो, कप आकसत नाही, मग जोडावर चीर पडते. जोड देताना दोन्ही बाजू खरवडून पाण्यात कालवलेली पातळ माती लावायची, म्हणजे दोन्हीकडची माती एकमेकीत मिसळून जोड घट्ट बसतो. वस्तू वर्तमानपत्रावर ठेवा म्हणजे आकसताना तळ सरकतो, वरून प्लास्टिकची पिशवी सैल टाका, कान-नाक-सोंड असली बारीक कामं जास्त झाका. जाडी १ सेंटिमीटरच्या आत ठेवा, आणि हत्ती करायचाच असेल तर थोडा घट्ट झाल्यावर खालून पोकळ करून घ्या, मुलांना हे कोरायचं काम भयंकर आवडतं.

जुलैमध्ये मात्र मुंबईत एक वेगळीच अडचण. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, हवा जितकी दमट तितकी ओल माती धरून ठेवते, त्यामुळे आठवडाभर शेल्फवर ठेवलेली वस्तू वरून पांढरी कोरडी दिसली तरी आत थोडी ओल राहतेच. अशी वस्तू तपासायची सोपी पद्धत म्हणजे ती गालाला लावायची. गार लागली तर ओली आहे, कारण १ ग्रॅम पाणी उडून जायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते आणि ती तुमच्या गालातून पण घेतली जाते. (माठ याच कारणाने पाणी गार करतो, आणि दमट मुंबईत तो नागपूरइतका गार करत नाही ते पण म्हणूनच.) पावसाळ्यात भाजायच्या वस्तू भट्टीत काही तास १०० अंशाच्या खालीच ठेवून आधी कोरड्या करून घ्यायच्या, त्यात अजिबात घाई नको.

ही ओल गेल्यावरही मातीत उरलेलं पाणी मात्र निराळं. ते कणाच्या रचनेतच बांधलेलं असतं, शुद्ध केओलिनमध्ये (पांढऱ्या चिनी मातीत) वजनाच्या जवळपास १४ टक्के. साधारण ४५० ते ६०० अंशाच्या दरम्यान ते निघून जातं आणि तिथून परत फिरणं नाही, त्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात भट्टीतून निघालेली पणती पाण्यात टाकली तर पाणी शोषते पण विरघळत नाही. शाडूचा गणपती न भाजलेला, म्हणून तो विसर्जनात विरघळतो. न भाजलेली माती पाण्यात कशी विरघळते हे मुलांना सांगण्यापेक्षा दाखवाच. दोन ग्लास घ्या, एकात ओल्या मातीचा गोळा आणि दुसऱ्यात त्याच मातीचा पूर्ण सुकलेला तुकडा टाका. मुलं म्हणतात ओला आधी विरघळणार. होतं उलटं. सुक्या तुकड्यात पाणी झपाट्याने शिरतं, आतली हवा दाबली जाते, बुडबुडे येतात, कडा सुटून पडायला लागतात आणि थोड्या वेळात तळाला नुसता गाळ, ओला गोळा मात्र तसाच.

भाजण्याआधी तुटलेल्या कामांचं पण असंच करा, पूर्ण सुकवा, मग बादलीत भिजवा, वरचं पाणी काढा, पुन्हा मळा. हात त्याच बादलीत धुवायचे, बेसिनमध्ये नाही, पाइप तुंबतो. फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, कारण सुक्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसात साठते, रोज शिकवणाऱ्यांनी तर हे पाळायलाच हवं. आणि भाजलेले तुकडे वेगळ्या डब्यात ठेवा, ते बादलीत गेले तर पुढच्या बॅचला मळताना पोरांच्या हाताला टोचतात.