परदेशी नागरिकांचा मोबाइलवरून माग

एखाद्या देशाच्या सरकारने आपल्या हद्दीत आलेल्या परदेशी माणसाचा ठावठिकाणा त्याच्या मोबाइल फोनच्या आधारे शोधण्याची, नोंदवून ठेवण्याची किंवा सतत नजरेखाली ठेवण्याची पद्धत. परदेशी ग्राहकांच्या सिम कार्डाची वेगळी नोंदणी, टॉवरच्या नोंदी, सक्तीने घ्यायला लावलेले ॲप आणि ताब्यात घेतलेल्या फोनची झडती ही तिची मुख्य रूपे. पर्यटक, कामगार, विद्यार्थी, आश्रय मागणारे आणि जामिनावर सुटलेले आरोपी हे सगळे तिच्या कक्षेत येतात. आपल्या भूमीवर कोण आले आणि कोण परत गेले नाही हे सरकारला कळायला हवे, यात वाद नाही. वाद आहे तो त्यासाठी माणसाच्या खिशातल्या वस्तूला त्याच्यावरच पहाऱ्याला बसवावे का, याचा.

नोंदवही आणि फोन

परदेशी पाहुण्याची नोंद ठेवण्याची चाल जुनी आहे. भारतात 1946 च्या परदेशी नागरिक कायद्याने ती पक्की केली. 1 सप्टेंबर 2025 पासून त्याची जागा 2025 च्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्याने घेतली. परदेशी माणूस मुक्कामाला उतरला की 24 तासांच्या आत यजमानाने पूर्वी ‘फॉर्म सी’ म्हणून ओळखला जाणारा, पाहुण्याची माहिती कळवणारा फॉर्म भरायचा असतो. तो पंचतारांकित हॉटेलला जसा लागू, तसाच गोव्यात हणजूण-मोरजीकडे घरातली मागची खोली रशियन किंवा ब्रिटिश पाहुण्याला भाड्याने देणाऱ्या कुटुंबालाही. पासपोर्टचा क्रमांक, व्हिसाचा क्रमांक, कुठून आला, पुढे कुठे जाणार. पूर्वी हे कागदावर चाले, आता ऑनलाइन भरतात. परदेशी ग्राहकाला सिम देतानाही पासपोर्ट आणि व्हिसा पाहतात, आणि व्हिसाची मुदत संपली की सिमचीही संपते.

ही नोंद माणूस रात्री कुठे झोपला एवढेच सांगते. दिवसभर तो कुठे फिरला, कोणाच्या दारात किती वेळ थांबला, कोणत्या देवळात, मशिदीत, दवाखान्यात किंवा वकिलाच्या कचेरीत गेला, हे वहीला माहीत नसते. फोनला माहीत असते. वहीतून फोनकडे जाताना फक्त साधन बदलत नाही. माहितीची जातच बदलते.

फोन परका आहे हे कसे कळते

पुण्याहून निघालेला प्रवासी बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरतो आणि फोन चालू करतो. त्याच्या सिममध्ये आयएमएसआय नावाचा क्रमांक असतो, बहुधा 15 अंकी. त्याचे पहिले तीन अंक देशाचे. भारताचे 404 आणि 405, थायलंडचे 520, रशियाचे 250. थाई टॉवर हे अंक वाचतो, फोन भारतातला आहे हे ओळखतो, भारतातल्या कंपनीकडे चौकशी करतो आणि ‘पाहुणा’ म्हणून त्याची नोंद करतो. मग फोनवर स्वागताचा मेसेज येतो. प्रवासी तो न वाचताच पुसून टाकतो, पण कोणत्या देशाचा फोन कोणत्या क्षणी कोणत्या टॉवरखाली आला, हे तोवर लिहून झालेले असते. यासाठी वेगळे ॲप लागत नाही की परवानगी लागत नाही. कॉल पोचवायचा तर फोन कुठे आहे हे नेटवर्कला ठाऊक असावेच लागते.

टॉवरवरून मिळणारी जागा ढोबळ असते. दाट वस्तीच्या शहरात ती काही शे मीटरच्या आत येते, खेड्यात काही किलोमीटर इकडेतिकडे होते. फोनमधल्या जीपीएसवरून ती काही मीटरपर्यंत नेमकी सांगता येते. मात्र त्यासाठी फोनमध्येच काहीतरी बसवावे लागते. सक्तीच्या ॲपचा जन्म या गरजेतून झाला.

हीच माहिती निरुपद्रवी कामालाही येते. एस्टोनियाची मध्यवर्ती बँक 2008 पासून आणि इंडोनेशियाचे सांख्यिकी कार्यालय 2016 पासून परदेशी पाहुण्यांची मोजदाद करायला मोबाइलच्या नोंदी वापरत आले आहे. नावे काढून टाकलेली असतात. पण नाव काढले म्हणजे माणूस सुटला असे होत नाही. 2013 साली 15 लाख लोकांच्या 15 महिन्यांच्या नोंदींवर झालेल्या एका अभ्यासात दिसले की जागा आणि वेळ यांच्या फक्त चार जोड्या हाती असल्या तर 95 टक्के लोक गर्दीतून वेगळे ओळखता येतात. पर्यटकाच्या अशा चार जोड्या हॉटेलच्या एका बिलातही सापडतील.

थायलंड: न बंद होणारे सिम

ऑगस्ट 2016 मध्ये थायलंडच्या दूरसंचार नियामकाने परदेशी पर्यटकांसाठी वेगळ्या सिमचा प्रस्ताव मांडला. त्यातले लोकेशन कायम चालू राहणार होते आणि ग्राहकाला ते बंद करता येणार नव्हते. मुदत संपल्यावरही राहणारे आणि गुन्हा करून पळणारे परदेशी शोधायला त्याचा उपयोग होईल, पोलिसांना न्यायालयाच्या आदेशानेच माहिती मिळेल, असे सांगण्यात आले. वर्षभरापूर्वी, ऑगस्ट 2015 मध्ये बँकॉकच्या एरावन देवस्थानात झालेल्या स्फोटात 20 माणसे मेली होती आणि अटक झालेले परदेशी होते, तेव्हा सरकारची धास्ती समजण्यासारखी होती. पण प्रस्तावाचा पायाच कच्चा होता. जीपीएस सिममध्ये नसते, फोनमध्ये असते. आणि ज्याला लपायचे आहे तो मायदेशाचे रोमिंग वापरील किंवा कोणा थाई माणसाच्या नावचे सिम घेईल. जाळ्यात सापडला असता तो फुकेतला सुट्टीवर आलेला कुटुंबवत्सल माणूस. असे सिम पर्यटकांवर सक्तीचे झाले नाही. थायलंडला जाणारी मंडळी आजही विमानतळावर साधेच टूरिस्ट सिम घेतात.

मॉस्को: तीन दिवस गप्प राहिलेला फोन

या पद्धतीचे सर्वात कडक रूप सध्या रशियात दिसते. 22 मार्च 2024 रोजी मॉस्कोजवळच्या क्रोकस सिटी हॉलवर हल्ला झाला आणि 140 हून अधिक लोक मारले गेले. पकडलेले हल्लेखोर ताजिकिस्तानचे होते. त्यानंतर मध्य आशियातून आलेल्या लाखो कष्टकऱ्यांवर एकामागून एक निर्बंध आले. 1 जानेवारी 2025 पासून परदेशी माणसाला सिम हवे तर चेहरा आणि आवाज यांची बायोमेट्रिक नोंद द्यावी लागते, आणि सिम एका ठरावीक हँडसेटशी जोडले जाते.

मे 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनी सही केलेल्या कायद्याने मॉस्को शहर आणि मॉस्को प्रांतात चार वर्षांचा ‘प्रयोग’ सुरू झाला. 1 सप्टेंबर 2025 पासून, व्हिसा न लागणाऱ्या देशांतून आलेल्या परदेशी माणसाने ‘अमिना’ नावाचे ॲप फोनमध्ये ठेवायचे आणि आपले लोकेशन सरकारला पाठवत राहायचे. लहान मुले, बेलारूसचे नागरिक आणि राजनैतिक अधिकारी यांना सूट आहे. भारतीयांना रशियासाठी व्हिसा लागतो, त्यामुळे ते यात येत नाहीत. येतात ते उझबेक, ताजिक, किरगीझ: मॉस्कोचे रस्ते झाडणारे, इमारती बांधणारे, टॅक्सी चालवणारे.

फोनने तीन कामाच्या दिवसांहून अधिक काळ लोकेशन पाठवले नाही तर माणसाची नोंद रद्द होऊ शकते आणि त्याचे नाव ‘नियंत्रित व्यक्तीं’च्या यादीत जाऊ शकते. या यादीतल्या माणसाला लग्न नोंदवता येत नाही, गाडी चालवता येत नाही, घर घेता येत नाही, बँकेतल्या स्वतःच्या पैशावरही मर्यादा येते. आता हे त्या माणसाच्या बाजूने पाहा. बांधकामावर सिमेंटमध्ये पडून जुना फोन बिघडतो, चार्जिंग मिळत नाही, तळघरात रेंज नसते. शिवाय ड्रोन हल्ल्यांच्या भीतीने मॉस्कोत जीपीएसचे संकेत सरकारच बिघडवते आणि मोबाइल इंटरनेट मधूनमधून बंद करते. लोकेशन पोचले नाही याचा दोष मात्र फोन बाळगणाऱ्याच्या माथी. यंत्र गप्प बसले म्हणून माणूस गुन्हेगार ठरावा, ही गोष्ट कोणत्याही सुरक्षेच्या नावाखाली पटण्यासारखी नाही.

आखात, अमेरिका, जर्मनी

कतारमध्ये लोकसंख्येत परदेशी माणसेच बहुसंख्य आहेत आणि त्यांत भारतीय मोठ्या संख्येने. महाराष्ट्रातून गेलेलेही पुष्कळ. मे 2020 मध्ये तिथे करोनासाठी ‘एहतेराज’ ॲप सक्तीचे झाले. न घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाख रियालपर्यंत दंड. त्याच महिन्यात ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने दाखवून दिले की ॲपमधल्या एका त्रुटीमुळे दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती उघडी पडू शकत होती. ती दुरुस्त झाली. 2022 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी फ्रान्सच्या माहिती संरक्षण संस्थेने प्रेक्षकांना कतारला रिकामा फोन नेण्याचा सल्ला दिला. विमानाने परतणाऱ्या प्रेक्षकाला हे जमते. लेबर कॅम्पमध्ये राहणाऱ्याकडे दुसरा फोन नसतो.

अमेरिकेत देशाबाहेर काढण्याची कारवाई चालू असलेल्या माणसाला कोठडीऐवजी ‘स्मार्टलिंक’ ॲपवर ठेवतात. ठरल्या वेळी सेल्फी काढायचा, चेहरा जुळला की त्या क्षणाचे लोकेशन जाते. 2022 मध्ये दोन लाखांहून अधिक लोक या ॲपवर होते. ॲप चालवणारी बीआय ही कंपनी 1978 साली निघाली तेव्हा तिचे काम गुरांवर लक्ष ठेवण्याचे होते.

जर्मनीत 2017 च्या कायद्याने पासपोर्ट नसलेल्या आश्रयार्थींचे फोन तपासायला मुभा दिली. फोन कोणत्या देशात केले, मेसेज कोणत्या भाषेत आहेत, फोटो कुठे काढले, यावरून मूळ देश ताडायचा. एका अफगाण महिलेने याविरुद्ध दाद मागितली. 16 फेब्रुवारी 2023 रोजी लायपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने, सौम्य उपाय न तपासता सरसकट फोन वाचणे बेकायदा ठरवले.

कोणाचा खासगीपणा?

प्रश्नाचे मूळ एका शब्दात आहे: कायदा ‘नागरिक’ म्हणतो की ‘व्यक्ती’. अमेरिकेच्या 1974 च्या प्रायव्हसी कायद्याचे संरक्षण अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच आहे. न्यू जर्सीत दहा-पंधरा वर्षे कर भरणारे, मुलांना तिथल्या शाळेत घालणारे आणि एच-1बी या कामाच्या व्हिसावर ग्रीन कार्डाची वाट पाहणारे मराठी कुटुंब त्यात बसत नाही. युरोपचा जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा उलट राष्ट्रीयत्व पाहत नाही.

भारतीय राज्यघटनेत भाषण, संचार, संघटना यांचे स्वातंत्र्य देणारा अनुच्छेद 19 नागरिकांपुरता आहे. जीविताचे आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचे रक्षण करणारा अनुच्छेद 21 मात्र ‘व्यक्ती’ म्हणतो. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला आणि तो मुख्यतः अनुच्छेद 21 मध्ये शोधला. म्हणजे परदेशी माणूसही त्यात आला.

याचा अर्थ राज्याने डोळे मिटून बसावे असा नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधले दहशतवादी पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी मोबाइलवर बोलत होते. ती संभाषणे पोलिसांनी टिपली आणि पुढे ती खटल्यात पुरावा ठरली. ठरावीक संशयिताचा, ठरावीक कारणासाठी, अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने घेतलेला माग वेगळा. राष्ट्रीयत्व पाहून सगळ्यांवर टाकलेले जाळे वेगळे. आणि असे जाळे आधी परक्यांवर पडते, कारण परक्याला मत नसते आणि त्याच्या बाजूने मोर्चा निघत नाही.

गूगल मॅपवरची पिन

भारतात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो अमली पदार्थांच्या एका खटल्यातून. 2014 मध्ये अटक झालेल्या एका नायजेरियन नागरिकाला दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये जामीन दिला. त्यातल्या दोन अटी वादाच्या ठरल्या: गूगल मॅपवर पिन टाकून तपास अधिकाऱ्याला आपला ठिकाणा दिसेल असे करायचे, आणि आरोपी भारत सोडणार नाही असे प्रमाणपत्र नायजेरियाच्या उच्चायुक्तालयाकडून आणायचे.

सर्वोच्च न्यायालयाने गूगलकडून प्रतिज्ञापत्र मागवले, तेव्हा साधीच गोष्ट पुढे आली. पिन म्हणजे नकाशावर टोचलेली खूण. माणूस चालू लागला म्हणून ती त्याच्यामागे चालत नाही, आणि ती कुठे टोचायची हे माणसाच्याच हातात असते. ज्या अटीवर कोणाचे स्वातंत्र्य अवलंबून होते ती नेमकी काय करते हे आधी कोणी विचारलेच नव्हते. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयाँ मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. 8 जुलै 2024 च्या निकालात त्यांनी म्हटले की पोलिसांना आरोपीच्या हालचालींवर सतत नजर ठेवता यावी आणि त्याच्या खासगी आयुष्यात डोकावता यावे अशी कोणतीही जामिनाची अट अनुच्छेद 21 चा भंग करते. पिनची अट रद्द झाली. प्रमाणपत्राबाबत न्यायालयाने दाखवून दिले की ते देणे न देणे दूतावासाच्या हाती असते, आरोपीच्या नव्हे. ते मिळाले नाही तर पासपोर्ट जमा करणे, पोलीस ठाण्यात हजेरी लावणे अशा अटी घालता येतात.

त्याच प्रकरणात 6 जानेवारी 2025 रोजी न्यायालयाने आणखी एक मुद्दा निकाली काढला. परदेशी आरोपीच्या जामीन अर्जात परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला पक्षकार करण्याची गरज नाही. जामीन मंजूर झाला की त्या आदेशाची माहिती तपास यंत्रणेने किंवा राज्याने अधिकाऱ्याला तातडीने कळवावी, म्हणजे तो कायद्याप्रमाणे पुढची पावले उचलू शकेल.