छोट्या बोर्डावरचा बिनतारी आवाज : ‘ड्रायव्हरच्या दोषा’मागची पार्श्वभूमी

गोव्यातील फोंडा, डिचोली या भागांत रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक-बोर्ड ब्लूटूथ स्पीकरला जोडून देवळाच्या सभामंडपात आरती-भजन लावण्याची खटपट करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते : स्पीकर पेअर होतो, पण आवाज येत नाही. खापर लगेच ड्रायव्हरवर, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामवर, फुटते. आवाजाची जबाबदारी गेल्या वीस-बावीस वर्षांत एका थराकडून दुसऱ्या थराकडे सरकत गेली असून बिघाड बहुधा या थरांच्या सांध्यांतच सापडतो, हे मात्र लक्षात घेतले जात नाही.

डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा मध्यवर्ती भाग) २.६ पासून ‘अल्सा’ ही ध्वनिव्यवस्था रुळली आणि २००७ मध्ये तिला छोट्या बोर्डांवरील चिपसाठी ‘असॉक’ हा थर जोडला गेला. साउंड कार्ड म्हणजे कर्नलमधला ड्रायव्हर, ही समजूत त्या काळात पक्की झाली. ब्लूटूथवरील संगीताला ती लागू पडत नाही. ‘ए-टू-डीपी’ या संगीतासाठीच्या ब्लूटूथ प्रोफाइलमध्ये आवाज आधी सहसा एसबीसी कोडेकने (आवाज लहान करणाऱ्या पद्धतीने) आवळला जातो, हे काम कर्नलबाहेरचा प्रोग्राम करतो आणि कर्नल केवळ तयार पाकिटे चिपकडे पोचवतो. त्यामुळे ‘एप्ले’ या अल्साच्या आदेशाने दाखवलेल्या कार्डांच्या यादीत ब्लूटूथ स्पीकर दिसला नाही, तर ते बिघाडाचे लक्षण नव्हे. फोनवरील संभाषणाचा आवाज मात्र वेगळ्या वाटेने जातो; काही बोर्डांवर तो चिपच्या पीसीएम पिनांवरून (डिजिटल आवाजाच्या तारांवरून) थेट बाहेर पडतो आणि तेथे खरोखरच असॉकचा ड्रायव्हर लागतो. गाणी उत्तम वाजतात, पण कॉलमध्ये शांतता, हा प्रकार याच फरकातून उद्भवतो.

हा कर्नलबाहेरचा प्रोग्राम कोणता, याचे उत्तर वारंवार बदलले. २००१ मध्ये कर्नलात आलेल्या ‘ब्लूझी’ या लिनक्सच्या ब्लूटूथ व्यवस्थेच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत अल्सासाठीचा जोड तिच्याबरोबरच मिळत असे. डिसेंबर २०१२ च्या पाचव्या आवृत्तीने तो काढून टाकला आणि आवाजाचे काम पल्सऑडिओसारख्या सर्व्हरवर, म्हणजे पार्श्वभूमीत चालून आवाज वाटून देणाऱ्या प्रोग्रामवर, सोपवले. त्या सर्व्हरने हा बदल २०१४ मधल्या ५.० आवृत्तीत सामावून घेतला. मधल्या काळात अनेकांचे चालू प्रकल्प मुके झाले आणि जुन्या कॉन्फिगरेशनच्या ओळी आजही नकळत उचलल्या जातात. पुढे ज्यांना पल्सऑडिओ जड वाटत होता, त्यांच्यासाठी ब्लूटूथला थेट अल्साशी जोडणारा ‘ब्लूअल्सा’ आला. २०२३ मध्ये रास्पबेरी पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ‘बुकवर्म’ आवृत्तीच्या डेस्कटॉपने पाइपवायर हा नवा आवाजाचा सर्व्हर स्वीकारला.

पल्सऑडिओ आणि पाइपवायर सर्वसाधारणपणे लॉगिन केलेल्या वापरकर्त्याच्या सत्रात चालतात, ही गोष्ट सभामंडपातल्या बोर्डाला नडते. पावसाळ्यात वीज जाऊन परत आली की बोर्ड आपोआप सुरू होतो. परंतु कोणी लॉगिन केले नाही, तर आवाजाचा सर्व्हर उभाच राहत नाही. येथे ड्रायव्हर तपासत बसण्यात काहीच हशील नाही. त्या वापरकर्त्याचे सत्र लॉगिनशिवाय चालू ठेवण्याची, म्हणजे ‘लिंगर’ची सोय करावी लागते.

हार्डवेअरच्या बाजूने कलाटणी २०१६ मध्ये मिळाली. रास्पबेरी पाय ३ मध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर आले आणि ब्लूटूथला चांगला सीरियल पोर्ट, म्हणजे पीएल०११, देण्यात आला. कन्सोलच्या, म्हणजे तारेवरून आदेश देण्याच्या सोयीच्या, वाट्याला मिनी युआर्ट हा दुय्यम सीरियल पोर्ट आला, ज्याचा वेग गाभ्याच्या घड्याळावर अवलंबून असतो. जीपीएसचे किंवा एखाद्या सेन्सरचे मोड्यूल जोडण्यासाठी चांगला पोर्ट मोकळा करणारी एक ओळ बूटच्या फाईलमध्ये घातली, की ब्लूटूथ बंद होऊ शकते आणि ती ओळ कोणी घातली हे पुढे आठवतही नाही. शिवाय चिपला प्रत्येक वेळी सुरू होताना फर्मवेअरचा (चिपच्या आतल्या प्रोग्रामचा) पॅच भरवावा लागतो. तो सापडला नाही, तर ‘डीमेसेज’ आदेशाने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदीत तसे स्पष्ट लिहिलेले असते, माझ्या मते पहिली नजर तेथेच टाकावी.

रेडिओलहरींचा भाग त्यामानाने सरळ आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे, त्यावर वाय-फायचीही गर्दी असते आणि पाय ३ मध्ये दोघांचा अँटेनाही एकच आहे. आवाज मधेच तुटत असेल, तर वाय-फाय बंद करून पाहावे.

२०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या नव्या ध्वनिपद्धतीने मांडणी पुन्हा बदलली. त्यासाठी एलसी३ कोडेक, ब्लूटूथ ५.२ मधील नवे चॅनल आणि कर्नल ६.० पासूनचा प्रायोगिक आधार लागतो. पाय ३ ची चिप ब्लूटूथ ४.१ ची असल्याने तिच्यावर हे चॅनल नाहीत.