अहिराणीत विचारायचं कसं? वार्धक्याच्या मोजपट्ट्यांची पार्श्वभूमी

म्हातारपणावरचं कुठलंही मोठं सर्वेक्षण घ्या, त्यात साधारण अशा सहा गोष्टी विचारलेल्या सापडतात. अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण. यांतलं स्वतःचं स्वतः काय जमतं? ही यादी १९६३ सालची. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात सिडनी कॅट्झ आणि त्यांचे सहकारी आजारी वृद्धांची नोंद ठेवत होते. त्यांत खुब्याचं हाड मोडलेले पुष्कळ होते. गेलेली ताकद ठरावीक क्रमाने परत येते, असं त्यांना दिसलं. हाताने जेवणं आधी, अंघोळ आणि कपडे शेवटी. लहान मूलही याच क्रमाने शिकतं.

१९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी घराबाहेरची आणि घर चालवण्याची कामं जोडली: फोन, बाजारहाट, स्वयंपाक, औषधं, पैशाचा हिशेब. पुरुषांचे गुण मोजताना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं सोडून देण्याची तेव्हा रीत होती. कारण आपल्याला कळायला अवघड नाही. यावलकडच्या एखाद्या आजोबांना ‘भाकरी करता येते का?’ विचारलं, तर ते ‘नाही’ म्हणतील. ते ‘नाही’ थकलेल्या हातांचं नसतं, जन्मभर चुलीपाशी न बसल्याचं असतं. पुढच्या सर्वेक्षणांत ‘करतच नाही’ हा पर्याय वेगळा ठेवला गेला तो यासाठी.

मनाची मोजणी त्याहून कठीण. १९७७ मध्ये लेनोर रॅडलॉफ यांनी उदासीनतेसाठी २० वाक्यं दिली. गेल्या आठवड्यात असं किती वेळा वाटलं, एवढंच सांगायचं. त्यातलं एक वाक्य ‘ब्लूज’, म्हणजे मनावरची मरगळ, झटकता न येण्याबद्दल होतं. हा शब्द अमेरिकेच्या बोलण्यातला, तो जसाच्या तसा कुठे नेता येत नाही.

एकाच माणसाकडे वर्षानुवर्षं परत जायचं ठरलं, तेव्हा प्रश्न न बदलण्याची किंमत कळली. मिशिगन विद्यापीठाचं आरोग्य आणि निवृत्ती सर्वेक्षण १९९२ मध्ये सुरू झालं. पहिल्या फेरीत उदासीनतेच्या वाक्यांना चार पायऱ्यांची उत्तरं होती, पुढे साधं हो-नाही आलं. त्यामुळे पहिल्या फेरीचे आकडे नंतरच्या आकड्यांशेजारी सरळ मांडता येत नाहीत. माणसं तीच, तरी तुलना गेली. मला वाटतं, या क्षेत्रातला सगळ्यात महत्त्वाचा धडा हाच आहे.

भारतात हरियाणातल्या बल्लभगडला म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासताना वेगळीच अडचण आली. स्मरणशक्तीची ३० गुणांची प्रसिद्ध चाचणी १९७५ ची, पण त्यात एक वाक्य लिहायचं होतं. अक्षरओळख नसलेल्यांनी काय करायचं? १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी रूपात लिहिण्याऐवजी स्वतःच्या घराबद्दल काहीतरी सांगायचं ठरलं. निरक्षर माणूस विसराळू ठरू नये, म्हणून केलेला हा बदल मला फार मोलाचा वाटतो. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, आणि म्हाताऱ्यांत ती याहून कमीच असणार.

‘लासी’ हे वार्धक्यावरचं आपलं देशव्यापी सर्वेक्षण. ४५ आणि त्यापुढच्या वयाची माणसं, २०१७-१८ ची पहिली फेरी, ७२ हजारांहून अधिक मुलाखती. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था त्यात प्रमुख आहे. कॅट्झच्या यादीसारखे प्रश्न आणि रॅडलॉफच्या वाक्यांचं दहांचं छोटं रूप त्यातही आहे.

प्रश्नावली प्रमाण मराठीत असते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ओट्यांवर मात्र अहिराणी, लेवा बोली, भिली, पावरी चालते. समोरच्या आजींना प्रश्न कळला नाही की मुलाखत घेणारी मुलगी तो आपल्या शब्दांत सांगते. ती मायेनेच सांगते, पण मोजपट्टी तिथेच वाकते. ‘उदास वाटलं का?’ याला उत्तर येतं, ‘माले करमत नही.’ ‘एकटं वाटलं का?’ यालाही तेच उत्तर येऊ शकतं. दोन वेगळ्या गोष्टी मोजायच्या होत्या, हाती शब्द एकच आला. पुढच्या फेरीत दुसरी मुलगी दुसऱ्या शब्दांत विचारणार, आणि मग बदललेला गुण आजींचा की विचारणारीचा, हे कोण सांगणार? बोलीतली वाक्यं आधीच ठरवून, गावात तपासून, छापूनच हातात द्यायला हवीत.

वयाचंही तसंच. जन्मतारीख नसते, म्हणून १९७२ च्या दुष्काळाचा आधार घेतात: तेव्हा लग्न झालं होतं का, मोठा मुलगा किती होता?

राहिला उदासीनतेच्या प्रश्नांतला ‘गेला आठवडा’. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घर भरलेलं असतं. दिवाळीनंतर इथल्या कितीतरी गावांतून तरणी माणसं ऊसतोडीला जातात आणि मागे म्हातारी नि नातवंडं उरतात. एक फेरी आखाजीला आणि पुढची कार्तिकात झाली, तर प्रश्नाचा एक शब्द न बदलताही उत्तर बदलेल. म्हणून गावात कोणत्या महिन्यात गेलो, हे गुणांशेजारी लिहून ठेवावं आणि पुढच्या फेरीलाही शक्यतो त्याच महिन्यात जावं.