‘अविभाज्य भाग’ म्हणजे नेमकं काय? सीपीटीची पार्श्वभूमी

मार्च-एप्रिल आला की पुण्यात, मुलं अमेरिकेत असलेल्या घरांमधून एक प्रश्न फिरायला लागतो: ‘सीपीटी झालं का?’ विचारण्याची तऱ्हा थेट ‘लग्न जमलं का?’सारखी. सीपीटी म्हणजे करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग, शिकत असतानाच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून नोकरी करण्याची परवानगी. ऑगस्टमध्ये एमएसला गेलेल्या मुलाची दोन सेमिस्टर मे महिन्यात पुरी होतात, उन्हाळी इंटर्नशिपची ऑफर हातात असते, आणि कंपनीत पाऊल ठेवण्याआधी आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या अधिकृत कागदावर, एक नोंद व्हावी लागते. ती नोंद कोण करतं आणि कुठल्या अधिकाराने करतं, हे सहसा कुणी सांगत नाही. कन्सल्टन्सीवाले तर नाहीच. व्हिसाचा शिक्का पडला की त्यांचं काम संपलं.

मूळ बरंच जुनं आहे. ऑगस्ट १९४७ मध्ये, इकडे आपली स्वातंत्र्याची लगबग चालू होती त्याच महिन्यात, अमेरिकेच्या स्थलांतर नियमांत एक तरतूद छापली गेली. शिक्षणसंस्थेने प्रत्यक्ष कामाचा अनुभव ‘आवश्यक’ ठरवला किंवा त्याची ‘शिफारस’ केली, तर परदेशी विद्यार्थ्याला सहा महिने नोकरी करता येईल. मुदत आणखी दोनदा, सहा-सहा महिन्यांनी वाढवता येईल. म्हणजे जास्तीत जास्त दीड वर्ष. यातले ‘आवश्यक’ आणि ‘शिफारस’ हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

१९५२ च्या कायद्याने एफ-१ हा विद्यार्थी व्हिसाचा वर्ग आणला. त्यात विद्यार्थी ‘केवळ’ शिक्षणासाठी येतो असं लिहिलं, नोकरीबद्दल मात्र एक अक्षर नाही. तरी १९४७ ची सवलत चालूच राहिली. नंतरची तीस-चाळीस वर्षं नियमांची घडी अनेकदा बदलली, त्यात आज कामाला येईल असं फारसं काही नाही.

१९९० ची एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण ती साफ विस्मरणात गेली आहे. त्या वर्षी संसदेने कायद्यातच तीन वर्षांचा प्रयोग घातला. पहिलं वर्ष पार पाडलेल्या एफ-१ विद्यार्थ्याला कॅम्पसच्या बाहेर, अभ्यासाशी काहीही संबंध नसलेलं काम आठवड्याला वीस तास करता येईल. अट अशी की मालकाने आधी साठ दिवस स्थानिक माणूस शोधलेला असला पाहिजे. पिझ्झा पोचवणारा मुलगा शोधायला साठ दिवस कोण थांबणार? मुदत वाढवून घेतलेला हा प्रयोग १९९६ मध्ये संपला आणि त्याचं पुनरुज्जीवन झालं नाही. याचे दोन अर्थ काढता येतात. एक, अभ्यासाबाहेरचं काम द्यायचं तर कायदा करावा लागतो, अभ्यासाशी जोडलेलं काम मात्र स्थलांतर खातं आपल्या नियमाने देऊ शकतं. दुसरा, कामाची परवानगी देणं हा मुळात संसदेचाच विषय आहे. पुढे न्यायालयांत जे भांडण पेटलं त्याच्या बुडाशी हेच दोन अर्थ होते.

१९९२ च्या नियमांनी आज ओळखीचा असलेला ओपीटी (ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग, मुख्यतः पदवीनंतरची नोकरी) हा शब्द आणि त्याचे बारा महिने आणले. १९४७ च्या त्या दोन शब्दांची फाटाफूट इथे स्पष्ट दिसते, निदान माझं वाचन तरी तसं आहे. ‘शिफारस’ ओपीटीकडे गेली: तिथे विद्यापीठ शिफारस करतं आणि सरकार ईएडी, म्हणजे नोकरीच्या परवान्याचं, कार्ड देतं. ‘आवश्यक’ सीपीटीकडे आलं: इथे कार्ड नाही, सरकारकडे अर्ज नाही, विद्यापीठाचा डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणारा अधिकारी, सेविस या सरकारी नोंद-प्रणालीत नोंद करतो आणि तीच परवानगी. सगळी ताकद एका खुर्चीत आणि सगळी अडचणही तिथेच.

कारण नियमाची भाषा. सीपीटी म्हणजे ‘प्रस्थापित अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग’ असलेलं काम. पुढे यादी येते: आलटून पालटून काम व अभ्यास, इंटर्नशिप, को-ऑप, ‘किंवा इतर कोणत्याही प्रकारची आवश्यक इंटर्नशिप वा प्रॅक्टिकम’, आणि तीही मालकाने विद्यापीठाशी केलेल्या सहकार्य-करारातून मिळालेली. आता ‘आवश्यक’ हे विशेषण नेमकं कुणाला लागतं? ‘आंबा, फणस किंवा इतर कुठलंही पिकलेलं फळ आण’ म्हणून आईने पिटाळलं आणि पोरगं कैरी घेऊन आलं, तर चूक कुणाची? एक गट म्हणतो, ‘इतर’ म्हटलं म्हणजे आधीचं सगळंही पिकलेलंच हवं, तेव्हा पदवीसाठी इंटर्नशिप सक्तीची नसेल तर सीपीटी नाही. दुसरा गट म्हणतो, क्रेडिट मिळतंय, विभागाने मान्य केलंय, एवढं पुरे. बहुतेक विद्यापीठांनी दुसरी वाट धरली आणि तिच्यातून एक क्रेडिटचा ‘इंटर्नशिप’ नावाचा विषय जन्माला आला. उन्हाळ्यात त्याची फी भरायची, शेवटी दोन-चार पानांचा अहवाल द्यायचा आणि काम अभ्यासक्रमाचा ‘अविभाज्य भाग’ झालं. पगारी कामाला जाण्याआधी त्या कामाची फी विद्यापीठाला मोजायची, हे इथल्या पालकांना पटवून सांगणं कठीण जातं. मलाही ते फारसं पटत नाही, पण या वाटेशिवाय हजारो मुलांचा उन्हाळा रिकामा गेला असता हेही तितकंच खरं.

सहकार्य-कराराचंही तेच. अनेक ठिकाणी ऑफर लेटरच करार म्हणून चालतं. दुसरीकडे मालकाच्या सहीचा वेगळा कागद मागतात आणि त्या सहीसाठी मुलं आठ-आठ दिवस ईमेल करत बसतात. नियम एक, वाचणाऱ्या खुर्च्या अनेक.

मुदतीच्या कलमातही फट आहे. पूर्णवेळ सीपीटी एक वर्ष किंवा जास्त झालं तर त्या पातळीचं ओपीटी गेलं. पण पूर्णवेळ अकरा महिने झालं तर ओपीटीतून एक दिवसही कापला जात नाही, आणि वीस तासांपर्यंतचं अर्धवेळ तर मोजलंच जात नाही. आणि एक अपवाद: सीपीटीआधी एक शैक्षणिक वर्ष पूर्ण व्हावं लागतं, पण पदव्युत्तर अभ्यासक्रमालाच लगेच कामाची गरज असेल तर ही अट लागत नाही. या ओळीवर ‘डे-वन सीपीटी’ नावाचा सगळा बाजार उभा राहिला. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नंबर लागला नाही की दुसऱ्या मास्टर्सला प्रवेश घ्यायचा, पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ नोकरी, वर्ग महिन्या-दोन महिन्यांतून एखादा शनिवार-रविवार. नियमाच्या शब्दांत बसतं. हेतूत बसतं का, हे ज्याने त्याने ठरवावं. पुढे एच-१बी च्या वेळी अधिकारी मात्र ते विचारू शकतो.

कागदावर हे कसं दिसतं ते कोथरूडच्या एका काकूंनी मोबाइलवर दाखवलं. आय-२० च्या दुसऱ्या पानावर ‘एम्प्लॉयमेंट ऑथरायझेशन्स’चा छोटा चौकोन. प्रकार सीपीटी, पूर्णवेळ, सुरू २ जून, शेवट ऑगस्टात, खाली कंपनीचं नाव आणि पत्ता. मॅनेजरने पोराला आधीच्या गुरुवारी बोलावलं होतं: फक्त ओरिएंटेशन आहे, लॅपटॉप घेऊन जा. पोराने कळवलं, सोमवारीच येतो. ‘लॅपटॉप आणायला जाण्यात कसलं आलंय काम?’ असं काकूंचं म्हणणं. पण चौकोनातल्या तारखेआधीचं काम विनापरवाना धरलं जातं, आणि विनापरवाना काम म्हणजे थेट स्टेटसला धक्का. पोरगा बरोबर होता.

२००८ पासून गोष्ट ओपीटीकडे वळते आणि खरं राजकारण सुरू होतं. एप्रिल २००७ मध्ये एच-१बी चा वर्षाचा कोटा पहिल्याच दिवशी भरला. ६५,००० चा नेहमीचा आणि अमेरिकेतल्या मास्टर्सवाल्यांसाठी २०,००० चा जादा, एवढ्यात मागणी मावेना. एप्रिल २००८ मध्ये खात्याने स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) पदवीधरांसाठी ओपीटी १७ महिन्यांनी वाढवलं, एकूण २९. तातडी आहे म्हणून लोकांच्या हरकती न मागवता नियम थेट लागू केला. हिंजवडीतल्या नोकऱ्या सोडून एमएसला निघालेल्या त्या पिढीने इंजिनिअरिंगच्या शाखा याच २९ महिन्यांकडे बघून निवडल्या असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

अमेरिकी तंत्रज्ञांची एक संघटना न्यायालयात गेली. त्यांचा राग निव्वळ परकेपणाचा नव्हता, त्यात हिशोब होता. एफ-१ विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचा कर लागत नाही आणि मालकाचाही ७.६५ टक्के हिस्सा वाचतो. त्याच पगारात परदेशी पदवीधर स्वस्त पडतो, हे त्यांचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने नियम रद्द केला, पण स्वस्त-महाग या मुद्द्यावर नाही. हरकती न मागवल्याच्या चुकीवर. गोंधळ नको म्हणून निकालाची अंमलबजावणी आधी फेब्रुवारी आणि मग १० मे २०१६ पर्यंत लांबवली. ते नऊ महिने ज्यांची मुलं तेव्हा ओपीटीवर होती त्यांनी कसे काढले ते त्यांनाच विचारा. खात्याने या वेळी हरकती मागवल्या, पन्नास हजारांहून अधिक आल्या, आणि नवा नियम आला तो २४ महिन्यांचा. एकूण ३६. सोबत मालकाच्या सहीचा आय-९८३ हा प्रशिक्षण आराखडाही आला. खटला लढले मुदत घटवायला, निघाली ती वाढून.

‘केवळ’ या १९५२ च्या शब्दाचं उत्तर ऑक्टोबर २०२२ मध्ये मिळालं. अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने म्हटलं की शिक्षणाचा हेतू ही प्रवेशाची अट आहे. आल्यानंतर किती काळ आणि कुठल्या अटींवर राहायचं हे खातं ठरवू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यात हात घालायला नकार दिला. खटला ओपीटीचा होता. सीपीटीतला ‘अविभाज्य’ अजून कुठल्याही मोठ्या न्यायालयाच्या कसोटीवर तसा चढलेला नाही.

तो चढला तो पोलिसी मार्गाने. मिशिगनमध्ये एक विद्यापीठ होतं: वेबसाइट, बोधचिन्ह, फी, आय-२० आणि पूर्णवेळ सीपीटी, सगळं काही. वर्ग तेवढे नव्हते. चालवत होते स्थलांतर खात्याचे छुपे अधिकारी. जानेवारी २०१९ मध्ये धरपकड झाली. पहिल्या फेरीतले जवळजवळ सगळे भारतीय. वर्गच नाहीत हे कळायला हवं होतं, हा सरकारचा युक्तिवाद तसा चुकीचा नाही. पण सरकारच्याच अधिकृत यादीत नाव असलेल्या विद्यापीठाला फी भरणाऱ्याने आणखी कुठे चौकशी करायची? २०२४ मध्ये अपील न्यायालयाने फीच्या पैशांसाठीचा दावा पुढे चालू द्यायला हरकत घेतली नाही. त्याआधी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बनावट संस्थेच्या प्रकरणात काही भारतीय मुलांच्या पायात रेडिओ पट्टे बांधले गेले होते आणि दिल्लीने निषेध नोंदवला होता.

जाता जाता: पुण्यात शिकणाऱ्या परदेशी मुलांना आपण काय देतो? आपल्या विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. विमाननगरला राहून शिकणाऱ्या आफ्रिकी किंवा अफगाण मुलालाही हाच नियम. अमेरिकेच्या नियमांतल्या फटींवर बोलताना हे आठवलेलं बरं.

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत शिकायला गेलेल्यांत भारताने चीनला मागे टाकलं: ३,३१,६०२ विद्यार्थी, त्यांतले सुमारे ९७ हजार ओपीटीवर. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या मसुद्यात एफ-१ चा मुक्काम शिक्षण संपेपर्यंत न ठेवता जास्तीत जास्त चार वर्षांचा ठरीव करण्याचा आणि शिक्षणानंतर थांबण्याचे साठ दिवस तीसवर आणण्याचा प्रस्ताव होता. त्यात एक ओळ अशी की एका पातळीची पदवी पुरी झालेल्याने पुन्हा त्याच पातळीची घ्यायची नाही. ‘सीपीटी’ हा शब्दही न उच्चारता दुसऱ्या मास्टर्सची, म्हणजे डे-वनची वाट त्या ओळीत बुजते. ‘अविभाज्य भागा’ची व्याख्या त्या मसुद्यात तशीच राहिली.