थर्टीन ट्वेंटी-एट आणि थर्टी-एट ट्वेंटी-एट

डेल्टा १३२८ आणि साउथवेस्ट ३८२८ ही विमानांची नावे कागदावर कोणी एकमेकांत मिसळणार नाही. कंपन्या निराळ्या, पहिले दोन अंक निराळे, आणि १६ जून २०१५ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर ती दोन विमाने दोन निराळ्या धावपट्ट्यांवर होती. पण रेडिओवरचे सगळे काम कानावर चालते. अमेरिकेत असे क्रमांक दोन-दोन अंकांच्या जोड्यांनी उच्चारतात, म्हणून एक झाले ‘थर्टीन ट्वेंटी-एट’ आणि दुसरे ‘थर्टी-एट ट्वेंटी-एट’. फरक उरला तो मधल्या ‘न’ आणि ‘एट’ एवढाच. एकेक अंक सुटा म्हणण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने तेच क्रमांक ‘वन थ्री टू एट’ आणि ‘थ्री एट टू एट’ होतात आणि पहिल्याच शब्दापासून वेगळे पडतात.

त्या दिवशी उड्डाणाची परवानगी साउथवेस्टला होती. वैमानिकाने परवानगी परत म्हणून दाखवायची, म्हणजे चुकीच्या माणसाने उत्तर दिले तर नियंत्रकाला ते लगेच कळते, अशी ही व्यवस्था आहे. पण दोन्ही विमानांनी एकाच वेळी उत्तर दिले, आणि विमानांच्या रेडिओवर दोघे एकदम बोलले की शिट्टीसारख्या आवाजात शब्द बुडून जातात. चूक पकडणारी पायरी नेमकी तिथेच निखळली. एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांवर दोन्ही विमाने धावू लागली. टॉवरमधून डेल्टाला ‘स्टॉप, स्टॉप, स्टॉप’ असे ओरडून सांगण्यात आले आणि दोन्ही विमाने छेदबिंदूच्या आधी थांबली.

नावे सारखी वाटतात, सावध राहा, असे नियंत्रकांनी आधीच सांगितले होते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. परवानगीची वाट पाहणाऱ्याला आपलेच नाव ऐकू येते, आणि सूचना त्याच थकलेल्या कानावर आणखी भार टाकते. उपाय नावातच हवा.

एकाच कंपनीची ५३२४ आणि ५३४२ अशी दोन विमाने असली, तर कंपनीच्या नावाचा आधारही जातो. मात्र तिथे वेळापत्रक आखतानाच फेरबदल करता येतो. युरोकंट्रोल ही युरोपातल्या हवाई वाहतुकीचा समन्वय करणारी संस्था विमान कंपन्यांना अशा जोड्या आधीच शोधायला मदत करते, आणि युरोपात अंकांसोबत अक्षरे घालून कॉल साइन, म्हणजे विमानाचे रेडिओवरचे नाव, बनवतात. प्रवाशाचे यात काही बिघडत नाही, कारण तिकिटावरचा क्रमांक आणि कॉल साइन या मुळातच दोन गोष्टी आहेत: इंडिगोच्या तिकिटावर ‘६ई’ असते, रेडिओवर ‘आयफ्लाय’. दोन वेगळ्या कंपन्यांची गाठ मात्र ऐन वेळी आकाशातच पडते, आणि अशा वेळी एखाद्या विमानाची कॉल साइन तात्पुरती बदलायला सांगण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय नियमांनी नियंत्रकाला दिलेला आहे.