सोळा संघ कोणते? अठ्ठेचाळीस सामन्यांचा हिशेब

६ जानेवारी २०१३ च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलात सोळा तासांच्या वाटाघाटींनंतर आइस हॉकीचे संघमालक आणि खेळाडू यांच्यात समझोता झाला. उत्तर अमेरिकेतली नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, तोवर ११३ दिवस टाळेबंदीत होती. मिळकतीतला वाटा कोणी किती घ्यायचा यावरून भांडण होतं. ८२ सामन्यांचा हंगाम ४८ सामन्यांवर आला आणि १९ जानेवारीपासून खेळ सुरू करायचं ठरलं. मधल्या दिवसांत सगळ्या जाणकारांपुढे एकच प्रश्न होता: ३० संघांपैकी प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, जाणारे १६ संघ (पूर्व आणि पश्चिम विभागांतून प्रत्येकी आठ) कोणते?

अशा वेळी दोन समजुती हमखास डोकं वर काढतात. पहिली, छोट्या हंगामात काहीही होऊ शकतं, तेव्हा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. दुसरी आपल्याला क्रिकेटमुळे चांगलीच ओळखीची आहे: फार जिंकलेला संघ आता ‘सरासरीच्या नियमाने’ हरणार आणि हरलेल्याची भरपाई होणार. दोन्ही चुकीच्या आहेत. त्या का चुकीच्या आहेत हे शाळेतल्या संभाव्यतेच्या जोरावर समजतं, आणि समजलं की खेळाचा गुणतक्ता पुन्हा पूर्वीसारखा दिसत नाही. म्हणून हा लेख.

छापा-काट्यापासून सुरुवात करू. समजा, लीगमधले सगळे संघ अगदी सारख्या ताकदीचे आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे नाणेफेक आहे. तरीही हंगामाअखेर सगळ्यांचे विजय सारखे नसतील. ते किती विखुरतील हे सांगणारं माप म्हणजे प्रमाण विचलन. नाण्यासाठी त्याचं सूत्र सोपं आहे: सामन्यांच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला दोनाने भागायचं. ८२ सामन्यांसाठी उत्तर येतं सुमारे साडेचार विजय. विजयाला दोन गुण, म्हणजे नऊ गुण. ४८ सामन्यांसाठी सुमारे साडेतीन विजय, म्हणजे सात गुण. वरवर पाहता नशिबाचा वाटा कमी झाला. पण हंगामही छोटा झाला आहे. हेच सात गुण ८२ सामन्यांच्या मापात मोजले तर ते जवळपास बारा भरतात. म्हणजे नशिबाचा गोंगाट नवावरून बारावर गेला, साधारण तीस टक्क्यांनी वाढला.

काहीही होऊ शकतं, इतकी ही वाढ नाही. एक संघ घ्या. त्याची खरी ताकद पूर्ण हंगामात १०५ गुण मिळवण्याची आहे आणि प्लेऑफची रेषा, म्हणजे आत जायला लागणारे गुण, ९३ च्या आसपास आहे. या साध्या हिशेबाने तो संघ ८२ सामन्यांत अकरातून एकदा बाहेर राहील आणि ४८ सामन्यांत सहातून एकदा. बलवान संघासाठी धोका जवळजवळ दुप्पट झाला, पण बाहेर राहणं हा अपवादच राहिला. उलट रेषेच्या अगदी जवळ असलेल्या संघाला फारसा फरकच पडत नाही, कारण त्याचं नशीब पूर्ण हंगामातही नाण्यावरच टांगलेलं असतं. (आयपीएलमध्ये साखळीत एका संघाचे १४ सामने होतात. वर्गमूळ काढून पाहा. ४८ सामन्यांना छोटं म्हणवणार नाही.)

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे येतो, आणि त्यावर जरा रेंगाळणार आहे.

गेल्या हंगामाचा तक्ता हातात आहे. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्स ८२ पैकी ५१ सामने जिंकून पूर्व विभागात पहिले आले. कोलंबस ब्लू जॅकेट्स २९ जिंकून सगळ्या लीगमध्ये शेवटचे. पुढच्या ४८ सामन्यांत हे किती जिंकतील? साधा त्रैराशिकाचा हिशेब सांगतो: रेंजर्स ३०, कोलंबस १७. हा हिशेब चुकणार, आणि कोणत्या बाजूला चुकणार हेही आधी सांगता येतं.

कारण ५१ विजय ही नुसती ताकद नसते. ती ताकद अधिक नशीब असते. तीस संघांतून सगळ्यात वर कोण आलं हे पाहून आपण संघ निवडला, तेव्हा चांगली ताकद असलेला आणि त्या वर्षी नशिबानेही साथ दिलेला संघ आपल्या हाती लागण्याची शक्यता जास्त. ताकद पुढच्या वर्षी बरोबर येते. नशीब येत नाही. ते शून्यापासून सुरू होतं. म्हणून वरचा संघ थोडा खाली सरकतो आणि खालचा थोडा वर. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गॉल्टनला १८८० च्या दशकात आईबाप आणि मुलांच्या उंचीच्या नोंदींत हेच सापडलं होतं: फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण बहुधा त्यांच्याइतकी नाही.

इथे ‘सरासरीचा नियम’ म्हणणाऱ्यांची गफलत होते. रेंजर्स सरासरीकडे सरकतील, याचा अर्थ ते आता निम्म्याहून जास्त सामने हरून हिशेब चुकता करतील असा नाही. नाण्याला आठवण नसते. जुनं फेडायला कुणी येत नाही. फक्त नव्या हंगामात जुनी मेहेरबानी गृहीत धरता येत नाही, एवढंच.

किती सरकतील? हॉकीच्या आकडेवारीत यासाठी एक सुंदर युक्ती वापरतात. संघाच्या खऱ्या निकालांत ३६ काल्पनिक सामने मिळवायचे, त्यातले १८ जिंकलेले आणि १८ हरलेले. रेंजर्सचे ५१ अधिक १८ म्हणजे ६९ विजय, ८२ अधिक ३६ म्हणजे ११८ सामने. प्रमाण आलं ५८.५ टक्के. ४८ सामन्यांत २८ विजय. कोलंबसचे २९ अधिक १८ म्हणजे ४७. भागिले ११८, गुणिले ४८: १९ विजय.

हे ३६ कुठून आले? नाणेफेकीत एका सामन्याच्या निकालाच्या फैलावाचा वर्ग ०.२५ असतो. लीगमधल्या संघांची खरी ताकद एकमेकांपासून जितकी विखुरलेली आहे, तिच्या फैलावाचा वर्ग याच्या साधारण छत्तिसावा भाग आहे. म्हणून ३६ सामने झाले की निकालांत ताकद आणि नशीब यांचा वाटा बरोबरीचा होतो. n सामने झाले असतील तर निकालावर ठेवायचा भरवसा n भागिले (n + ३६). ८२ सामन्यांनंतर तो सुमारे ७० टक्के येतो, ४८ सामन्यांनंतर ५७ टक्के. ज्या खेळात संघांच्या ताकदीत जास्त तफावत असते, तिथे हा ३६ चा आकडा लहान होतो. आइस हॉकीत तो मोठा आहे, कारण चकती निसरड्या बर्फावर कुणाच्याही काठीला लागून कुठेही जाते आणि सामन्यात गोल मोजकेच होतात.

चार्ल्स स्टाइन या गणितज्ञाने १९५६ मध्ये हीच गोष्ट फार खोलवर सिद्ध केली. तीन किंवा अधिक राशींचा अंदाज एकदम करायचा असेल, तर प्रत्येकीची स्वतंत्र सरासरी घेण्यापेक्षा सगळ्यांना एका सामाईक बिंदूकडे ओढून घेतलं की एकूण चुकीची अपेक्षित बेरीज नेहमीच कमी येते. पुढे ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी १९७० च्या बेसबॉल हंगामातले १८ फलंदाज घेतले, प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधी पाहिल्या आणि उरलेल्या हंगामाचा अंदाज केला. ओढून घेतलेल्या अंदाजांची एकूण चूक साडेतीन पटींनी कमी निघाली. त्यातल्या रॉबर्टो क्लेमेंटेच्या बाबतीत मात्र ही ओढ नको तितकी झाली, कारण तो खरोखरच असामान्य होता. पद्धत सगळ्यांच्या मिळून भल्याची असते. एकेकट्याची हमी ती देत नाही.

आता निकाल. रेंजर्स ४८ पैकी २६ सामने जिंकले. त्रैराशिक ३० म्हणत होतं, आपली युक्ती २८. कोलंबस २४ जिंकले. त्रैराशिक १७, युक्ती १९. दोन्हीकडे दिशा बरोबर.

पण फ्लोरिडा पँथर्स? २०११-१२ मध्ये ते ९४ गुणांसह पूर्व विभागातल्या आपल्या गटात पहिले होते. २०१३ मध्ये सगळ्या लीगमध्ये शेवटचे आले. माँट्रियाल कॅनेडियन्स ७८ गुणांनी पूर्व विभागात तळाशी होते, ते थेट दुसरे. छत्तीस काल्पनिक सामन्यांनी एवढी उलथापालथ सांगितली नव्हती. इथे एक पायरी खाली उतरून विजयांऐवजी गोल पाहावे लागतात. फ्लोरिडाने गट जिंकला खरा, पण केले त्यापेक्षा जास्त गोल खाल्ले होते, आणि त्यांचा गोलफरक तळाच्या माँट्रियालपेक्षाही वाईट होता. मग ९४ गुण कसे? एनएचएलमध्ये जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (बरोबरी फोडायला एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकासमोर मारायचे फटके) हरलं तरी एक गुण मिळतो. फ्लोरिडाने असे १८ गुण गोळा केले होते. आपटी एवढी मोठी असेल हे कुणी सांगू शकलं नसतं, पण पाया कच्चा आहे हे हंगामाआधी दिसत होतं.

आणखी एक पायरी खाली गेलं की गोलांऐवजी फटके मोजतात. बफेलो संघाचे तेव्हाचे गोलरक्षक-प्रशिक्षक जिम कॉर्सी यांच्या नावाने ओळखलं जाणारं माप गोलाकडे मारलेले सगळे फटके धरतं: अडवलेले, चुकलेले, गोलात गेलेले. गोल सामन्यात पाच-सहा, फटके शंभराच्या आसपास. नमुना मोठा, म्हणून गोंगाट कमी. डिसेंबर २०११ मध्ये मिनेसोटा वाइल्ड संघ २० विजय मिळवून लीगमध्ये अव्वल होता, पण फटके प्रतिस्पर्धीच जास्त मारत होते. आकडेवारीवाल्यांनी धोक्याची घंटा वाजवली. मिनेसोटा ८१ गुणांवर घसरून प्लेऑफबाहेर गेलं. २०१३ मध्ये टोरांटो मेपल लीफ्सची हीच गत होती. फटक्यांत मागे राहूनही २००४ नंतर पहिल्यांदा ते प्लेऑफमध्ये पोहोचले. पुढच्या पूर्ण ८२ सामन्यांच्या हंगामात पुन्हा बाहेर.

अर्थात गेल्या वर्षीचा संघ तोच राहत नाही. न्यू जर्सी डेव्हिल्स २०१२ च्या अंतिम फेरीत होते. जुलैमध्ये त्यांचा कर्णधार झॅक परीझे १३ वर्षांच्या करारावर मिनेसोटाला गेला, आणि डेव्हिल्स २०१३ मध्ये प्लेऑफबाहेर राहिले. कोलंबसने उन्हाळ्यात फिलाडेल्फियाकडून गोलरक्षक सर्गेई बॉब्रोव्स्की मिळवला आणि तो त्या हंगामाचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. त्यात वेळापत्रक वेगळं: फक्त आपल्याच विभागातल्या संघांशी सामने, ९९ दिवसांत ४८, आणि तयारीला जेमतेम आठवडा. म्हणून नव्या हंगामासाठी ३६ पेक्षा जास्तच काल्पनिक सामने मिळवायला हवेत, म्हणजे गेल्या वर्षावरचा भरवसा आणखी थोडा कमी धरायला हवा.

भाकितं करणारे बरेच असतात, भाकितं तपासणारे थोडे. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीतल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसने दोन संघांच्या दोन डब्यांतला एक निवडत आठपैकी आठ निकाल बरोबर दाखवले आणि जग हरखलं. नुसत्या नाण्यानेही २५६ तून एकदा हे होतं. जगभर किती प्राण्यांना असे डबे पुढे केले गेले असतील आणि चुकलेल्यांची बातमी कुठे आली? याच्या उलट आपल्या महाराष्ट्रात काय झालं ते आठवावं. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिष्यांची रीतसर चाचणी घेतली. २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढंच सांगायचं होतं. सरासरी यश आलं सुमारे ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते. भाकीत आधी लिहून घ्यावं, मग मोजावं, आणि नाण्याशी तुलना करावी. हॉकीच्या जाणकारालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

ती लावू. डोळे मिटून ३० पैकी १६ संघ निवडले, तर सरासरी साडेआठ बरोबर येतात. गेल्या वर्षीचे सोळाच पुन्हा लिहून दिले असते, तर २०१३ मध्ये ११ बरोबर आले असते. तेव्हा ११ बरोबर सांगणाऱ्याने काही विशेष केलेलं नाही. त्याच्या वर जे मिळवाल ती तुमची कमाई. आणि सोळापैकी सोळाची खात्री देणाऱ्यावर अजिबात विश्वास ठेवू नये. संघांची खरी ताकद कुणी कानात येऊन सांगितली, तरी रेषेजवळचे चार-पाच संघ नाण्याच्याच हवाली असतात.

ती रेषा मात्र आधी सांगता येत होती. २०१२ मध्ये पूर्व विभागातला आठवा संघ ९२ गुणांवर होता, पश्चिमेतला ९५ वर. ४८ सामन्यांच्या मापात ते ५४ आणि ५६ होतात. २०१३ मध्ये दोन्ही विभागांत आठवा संघ नेमका ५५ गुणांवर आला. पश्चिमेत त्या ५५ गुणांवर दोन संघ उभे होते, मिनेसोटा आणि कोलंबस. शेवटच्या दिवशी दोघांनी आपापला सामना जिंकला. बरोबरी फोडायला शूटआउट वगळून विजय मोजले गेले, ते मिनेसोटाचे जास्त निघाले, आणि वर्षभरापूर्वी तळाला असलेलं कोलंबस एवढ्या फरकाने बाहेर राहिलं.