ग्रामसंस्था, तुर्कस्तान

ग्रामसंस्था : खेड्यातल्याच मुलामुलींना शिक्षक करून त्यांच्याकरवी खेडे बदलावे, या हेतूने तुर्कस्तानात १९४० ते १९५४ या काळात चाललेल्या निवासी शाळा. १९२३ मध्ये प्रजासत्ताक आले, १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन रोमन आली. पण नवा नागरिक घडवण्याची ही धामधूम मोठ्या शहरांबाहेर फारशी पोचली नव्हती. बहुतेक खेड्यांत शाळाच नव्हती आणि शहरातून धाडलेला मास्तर तिथे रमत नसे. म्हणून १९३६ मध्ये लष्करात अक्षरओळख झालेल्या शेतकऱ्यांनाच थोडे प्रशिक्षण देऊन शिकवायला बसवले. त्यातूनच शिक्षणखात्यातील अधिकारी इस्माइल हक्की टोंगुच यांनी ग्रामसंस्थांची योजना उभी केली. शिक्षणमंत्री हसन आली युजेल यांच्या कारकिर्दीत, १७ एप्रिल १९४० रोजी, तिचा कायदा झाला.

एकूण २१ संस्था निघाल्या. अभ्यासक्रम पाच वर्षांचा : निम्मा वेळ भाषा, गणित, इतिहास, पाव वेळ शेती, पाव वेळ बांधकाम, लोहारकाम, शिवणकाम. वर्ग आणि वसतिगृहे मुलांनी आपल्या हातांनी बांधली. काळ्या समुद्राकाठच्या बेशिकदुझु येथे मासेमारी शिकवीत. मेंढपाळांची पोरे मँडोलिन वाजवत, नव्याने तुर्की भाषेत आलेले जागतिक अभिजात साहित्य वाचत; अंध लोककवी आशिक वेसेल काही संस्थांत साझ हे तंतुवाद्य शिकवीत. शनिवारच्या सभेत विद्यार्थी मुख्याध्यापकालाही जाब विचारू शकत. माझ्या मते संस्थांचे खरे वैशिष्ट्य हेच, आणि त्यांचे शत्रूही इथूनच वाढले.

बोजा मात्र खेड्यावरच पडला. पदवीधराला २० वर्षे खेड्यात नोकरी सक्तीची होती. १९४२ च्या कायद्याने गावकऱ्यांना शाळेच्या बांधकामासाठी वर्षाला २० दिवसांपर्यंत श्रम द्यावे लागत. त्यांची नाराजी समजण्याजोगी आहे. जमीनदारांना बोलू लागलेला मास्तर नको होता, सनातन्यांना मुलामुलींचे सहशिक्षण खपत नव्हते (प्रत्यक्षात पदवीधरांत मुली दहात एकही नव्हत्या), आणि साम्यवादाचा आरोप तर हाताशी होताच. १९४६ च्या बहुपक्षीय निवडणुकीनंतर युजेल आणि टोंगुच दोघेही पदावरून गेले. १९५० मध्ये इव्रिझ संस्थेतून शिकलेल्या महमूत माकाल या तरुण मास्तराने गावातली उपासमार आणि अज्ञान पुस्तकात मांडले, तेव्हा त्याला अटक झाली. १९५४ मध्ये या संस्था सामान्य अध्यापक विद्यालयांत विलीन केल्या गेल्या. तोवर सुमारे १७ हजार शिक्षक बाहेर पडले होते. त्यांच्यापैकीच फकिर बायकुर्त पुढे कादंबरीकार आणि शिक्षक संघटनेचे पुढारी झाले.